पिकअपचा रेडिएटर घरच्या घरी कसा धुवावा?

पवनारहून भाजीपाला घेऊन निघालेली पिकअप नागपूरपर्यंत सुमारे ७० कि.मी. धावते. मे महिन्यात आपल्या भागात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, त्यात गाडी पूर्ण भरलेली. अशा वेळी तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला तर बाजाराची वेळ हुकते आणि पालेभाजी रस्त्यावरच सुकते. तशीच गाडी दामटली आणि हेड गॅस्केट गेले, तर कित्येक फेऱ्यांची मिळकत दुरुस्तीत जाते. आपण दोष गाडीला देतो. पुष्कळदा तो रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे ओतलेल्या विहिरीच्या पाण्याचा असतो.

पाण्यातील चुना

शेतकरी बंधूंनो, ठिबकच्या नळ्यांत व तोट्यांत बसणारा पांढरा थर आपल्या ओळखीचा आहे. वर्धा जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. जमिनीत चुनखडी आढळते आणि तिचे क्षार विहिरी-बोअरच्या पाण्यात उतरतात. असे पाणी तापले की त्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट मोडते आणि कॅल्शियम कार्बोनेटचा न विरघळणारा थर तयार होतो. रेडिएटरच्या बारीक नळ्यांत तो बसला की पाणी कमी फिरते आणि उष्णताही नीट बाहेर पडत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात दर लिटरला २०० मि.ग्रॅ. कठीणपणा चालतो, दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंतही. म्हणजे पिण्यास योग्य असलेले पाणी रेडिएटरला योग्य असेलच असे नाही.

‘आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कुलंट कशाला?’ असे नेहमी विचारले जाते. कुलंटमुळे पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो आणि त्यातील गंजरोधक द्रव्ये इंजिनाच्या आतील धातूला जपतात. वर्धेच्या उन्हाळ्यात हे दोन्ही गुण कामी येतात.

आधी बाहेरून पाहावे

बोनेट उघडून रेडिएटरच्या जाळीवर बॅटरीचा उजेड टाकावा. कापसाची रुई, सोयाबीनचे कुटार, धूळ व किडे यांनी जाळी बुजलेली असेल, तर निम्मा आजार तेथेच आहे. इंजिन थंड असताना पंख्याच्या बाजूने समोरच्या बाजूकडे हलक्या धारेने पाणी मारावे. समोरून जोराची धार मारल्यास कचरा आत ठासला जातो आणि पातळ पत्रे वाकतात.

आतून धुणे

हे काम सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर करावे. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असते. झाकण सैल होताच ते उसळून तोंड-हात भाजतात. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावावेत. खाली घमेले ठेवून तळाचा प्लग काढावा. प्लग नसल्यास खालच्या होज पाइपची क्लिप सैल करावी.

निघालेले पाणी नीट पाहावे. तांबूस असेल तर गंज, पांढरे कण असतील तर चुना. तेलाचा तवंग किंवा दुधाळ साय दिसली तर मात्र धुण्याचा उपयोग नाही, गाडी मिस्त्रीकडे न्यावी.

प्लग बसवून मऊ पाणी भरावे. पावसाळ्यात स्वच्छ पत्र्यावरून धरून ठेवलेले पाणी यासाठी चांगले. झाकण लावून इंजिन सुरू करावे, हीटर असल्यास तोही पूर्ण सुरू ठेवावा. वरचा होज पाइप गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला असे समजावे. आणखी पाच-दहा मिनिटे चालवून इंजिन बंद करावे, पूर्ण थंड होऊ द्यावे आणि पाणी सोडावे. गरम इंजिनात गार पाणी ओतल्यास हेडला तडा जाण्याची भीती असते. पाणी स्वच्छ येईपर्यंत असे तीन-चार वेळा करावे. यात अख्खा दिवस जातो. घाई असेल त्या दिवशी हे काम काढूच नये. शेवटची धुणी डिस्टिल्ड वॉटरची द्यावी.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ठिबक धुण्यासाठी आणलेले हायड्रोक्लोरिक आम्ल उरले म्हणून ते रेडिएटरमध्ये ओतू नये. ठिबकची नळी प्लॅस्टिकची असते, नव्या गाड्यांचे रेडिएटर बहुधा ॲल्युमिनियमचे असतात. आम्ल चुन्याबरोबर धातूही खाते. धुण्याचा सोडाही ॲल्युमिनियमला मारक आहे. थर जाड असेल तर ॲल्युमिनियमला चालणारे रेडिएटर क्लीनर डब्यावरील सूचनेप्रमाणे वापरावे.

जुने कुलंट कोठे टाकावे?

नाल्यात, गोठ्याजवळ किंवा धाम नदीच्या काठी मुळीच नाही. बहुतेक कुलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड असल्याने कुत्री, शेळ्या व वासरे चाटतात. त्यातून मूत्रपिंडात ऑक्झलेटचे खडे बसून जनावर दगावते. घमेले क्षणभरही उघडे सोडू नये. काढलेले द्रव झाकणाच्या कॅनमध्ये भरावे, त्यावर ‘विष’ असे लिहावे, मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे आणि जुने कुलंट घेणाऱ्या गॅरेजला द्यावे. जनावराने ते प्यायल्याची शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता लगेच पशुवैद्यकांना बोलवावे.

पुन्हा भरणे

कुलंटचा प्रकार गाडीच्या पुस्तिकेत पाहून घ्यावा, रंगावरून ठरवू नये. तयार मिश्रण असेल तर त्यात पाणी घालू नये. दाट कुलंट असेल तर डब्यावरील प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर मिसळावे; बहुधा निम्मे-निम्मे लागते. धुतल्यावर इंजिनात थोडे पाणी राहतेच. म्हणून आधी एकूण क्षमतेच्या निम्मे दाट कुलंट ओतावे, मग उरलेली जागा पाण्याने भरावी. हळूहळू ओतावे, झाकण उघडे ठेवून इंजिन थोडा वेळ मंद चालवावे आणि होज पाइप हाताने दाबून हवा काढावी. हे करताना हात व कपडे पंख्यापासून दूर ठेवावेत. पातळी उतरेल तशी भर घालून, पाणी तापण्यापूर्वीच झाकण घट्ट लावावे.

पहिल्या तीन-चार फेऱ्यांनंतर रोज सकाळी टाकीची पातळी पाहावी. ती सारखी उतरत असेल तर होज पाइप, क्लिपा आणि वॉटर पंपाखालची जमीन ओली आहे का ते तपासावे.