अल्टरनेटर बदलायच्या आधी

अगं, गॅरेजवाल्याने चालू गाडीवर मल्टीमीटर लावला, १२.८ व्होल्ट आले आणि तो म्हणाला अल्टरनेटर गेला, एवढंच ना? मग पैसे द्यायची घाई करू नकोस. आधी माझं ऐक.

बाबांच्या जुन्या गाडीत इंजिन सुरू झालं की मीटरवर चौदा-सव्वाचौदा व्होल्ट दिसायचे, दिवसभर तेवढेच. तुझ्या गाडीचं तसं नाही. अल्टरनेटर फिरवायला शेवटी पेट्रोलच जळतं, आणि २०२२-२३ पासून कंपन्यांना आपल्या गाड्यांचा कार्बन डायऑक्साइड सरासरी किलोमीटरमागे ११३ ग्रॅमच्या आसपास आणायचं बंधन आहे. थेंब थेंब वाचवायचा म्हटल्यावर अल्टरनेटरने कधी किती वीज करायची हेही आता इंजिनाचा कंप्युटरच ठरवतो. बॅटरीच्या मायनस टोकावर एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. तो करंट, व्होल्टेज, तापमान सगळं मोजत राहतो. बॅटरी बरी दिसली की व्होल्टेज खाली येतं. तू अॅक्सिलरेटरवरून पाय काढलास की तेच एकदम साडेचौदाच्या वर जातं, कारण तेव्हा वीज फुकट मिळते. ती घ्यायला जागा हवी म्हणून बॅटरी मुद्दाम ८० टक्क्यांच्या आसपास ठेवतात. टाकी काठोकाठ भरलेली असली तर पावसाचं पाणी घेणार कशात?

म्हणून त्याला सांग, हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा डिफॉगर सगळं चालू कर, रेस दोन हजारांवर धर आणि मग मीटर बघ. व्होल्टेज चढलं तर अल्टरनेटर जिवंत आहे. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागत असेल आणि आकडा घसरतच असेल, तर मात्र मी तुला अडवणार नाही.

मला खरी शंका येते ती तुझ्या फिरण्याची. हिंजवडीला तू कंपनीच्या बसने जातेस. गाडी निघते ती कोकणे चौकापर्यंत, शाळा, भाजी, परत घरी. तेवढ्यात एसी फुल्ल, सिग्नलला इंजिन नुसतं घुरघुरत असतं, आणि आयडलिंगला अल्टरनेटर जेमतेम वीज देतो. त्यात तुझा डॅशकॅम पार्किंगमध्येही चालू! त्याने पाव अँपिअर जरी घेतला तरी दिवसाला सहा अँपिअर-तास गेले. चार दिवस गाडी बेसमेंटमध्ये उभी राहिली तर ५० अँपिअर-तासांची बॅटरी अर्धी रिकामी. अशी अर्धवट भरलेली राहिली की आतल्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेट साचून घट्ट होतं, आणि ते मग सहजी जात नाही.

डॅशकॅमचा पार्किंग मोड आजच बंद कर. रविवारी गाडी हायवेला काढ, तळेगावपर्यंत जाऊन ये. तेही जमणार नसेल तर महिन्यातून एकदा चांगला चार्जर रात्रभर लाव. सकाळी दार उघडायच्या आधी, गाडी रात्रभर उभी असताना, १२.६ दिसायला हवेत. १२.२ म्हणजे निम्मीच उरली असं समज.

आणि हे नीट ऐक, कारण सोसायटीतले मदतीला धावणारे हमखास इथेच चुकतात. जंप स्टार्ट असो की चार्जर, लाल चिमटा बॅटरीच्या प्लसला, पण काळा मायनस टोकावर लावायचा नाही. तो इंजिनाच्या किंवा बॉडीच्या उघड्या लोखंडाला, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी लावायचा. थेट टोकावर लावलास तर करंट सेन्सरला वळसा घालून जातो, आणि किती भरली याचा कंप्युटरचा हिशेबच चुकतो.

पुढे कधी बॅटरी बदलायची वेळ आलीच तर स्वस्तातली साधी घेऊ नकोस. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीला ईएफबी किंवा एजीएम लागते. तुझ्या जुनीवर काय छापलंय ते वाच आणि तीच माग. काही गाड्यांत नवी बॅटरी बसवली हे स्कॅनर लावून कंप्युटरला कळवावं लागतं, नाहीतर तो जुनीच समजून चार्ज करत राहतो. तेवढं करून देणारा माणूस गाठ. जुनी दुकानदारालाच परत दे, शिशाचे पैसे बिलातून वजा होतात.

शनिवारी मी मीटर घेऊन येते. तोवर त्या गॅरेजवाल्याला फक्त 'बघते' एवढंच सांग.