कॅप्सूलची कॉफी आणि तीस मजल्यांचे पाणी

माझ्या भाच्याने पहिल्या पगारातून दादरच्या घरी कॅप्सूलचे कॉफीयंत्र घ्यायचे ठरविले. त्याची आजी कित्येक वर्षे पितळी फिल्टरमध्ये कॉफी करीत आली आहे. पूड माटुंग्याच्या ‘म्हैसूर कन्सर्न्स’मधून दळून आणलेली. “मामा, १५ बारचे घेऊ की १९ बारचे?” असे त्याने मला विचारले. विद्यार्थी मित्रांनो, उत्तर देण्यापूर्वी बार म्हणजे काय ते पाहू या.

एक बार म्हणजे जवळजवळ एका वातावरणाचा दाब. गिरगाव चौपाटीवर उभे असताना हवेचा आपल्यावर असतो तेवढा. पाण्याचा सुमारे १० मीटर उंचीचा स्तंभही तळाशी तेवढाच दाब देतो. एस्प्रेसो पद्धतीच्या कॉफीला सुमारे ९ बार दाब लागतो, म्हणजे ९० मीटरचा स्तंभ! परळ-लालबागला गिरण्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. त्यांतल्या एखाद्या तीस मजली इमारतीच्या गच्चीवरील टाकीतून सरळ तळमजल्यापर्यंत नळ आणला, तर तेथे साधारण एवढा दाब मिळेल. (प्रत्यक्षात मध्ये दाब कमी करणाऱ्या झडपा बसवितात, नाहीतर खालच्या बिऱ्हाडांचे नळ टिकायचे नाहीत.) आजीच्या फिल्टरमध्ये पाण्याची उंची फार तर १० सेंटिमीटर, म्हणजे दाब एका बारचा शंभरावा भाग. तरीही कॉफी होतेच. हे कसे?

एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे एक मिलिमीटर बाजूचे हजार तुकडे केले, तर एकूण पृष्ठफळ ६० चौरस सेंटिमीटर होते. पूड जितकी बारीक, तितके तिच्यातील विद्राव्य पदार्थ लवकर पाण्यात उतरतात. पण बारीक पुडीतील फटीही अरुंद असतात. पाणी स्वतःच्या वजनाने त्यांतून लवकर झिरपत नाही, ते ढकलावे लागते. यंत्र बारीक पूड आणि मोठा दाब वापरून काम अर्ध्या मिनिटात उरकते. फिल्टर जाडसर पूड घेतो आणि वीस-तीस मिनिटे लावतो. म्हणजे दाबासाठी पैसे मोजून आपण खरेदी करतो तो वेळ. जाहिरातीतील १५ किंवा १९ हा आकडा पंपाची जास्तीत जास्त ताकद सांगतो. पुडीवर तेवढा दाब पडतोच असे नाही. त्या आकड्यावरून यंत्र निवडू नये.

कॅप्सूलचा खरा गुण निराळाच आहे. एरिक फाव्र या स्विस अभियंत्याने नेस्ले कंपनीत ही पद्धत विकसित केली आणि १९८६ पासून ती विकली जाऊ लागली. पाच-सहा ग्रॅम पूड ॲल्युमिनियमच्या छोट्या डबीत हवाबंद असते. ऑक्सिजन आत जात नाही, सुवास बाहेर येत नाही. मुंबईच्या जुलै महिन्यात उघड्या डब्यातली चिकोरी घातलेली पूड दमट होऊन कशी गोळा होते, हे आजीला विचारा!

पाण्याच्या बाबतीत मुंबईकर सुदैवी. तानसा-भातसाचे पाणी सुफेन असल्याने यंत्राच्या नळीत क्षारांचा थर कमी साचतो. टँकरचे किंवा विंधन विहिरीचे पाणी दुष्फेन असेल, तर मात्र यंत्र वरचेवर साफ करावे लागेल.

आता किंमत. एका कॅप्सूलच्या किमतीला १८० ने गुणा, म्हणजे त्या पुडीचा किलोचा भाव कळेल. माटुंग्याच्या पुडीच्या भावाशी तो ताडून पाहा. त्या पुडीत चिकोरी किती आहे, हे विचारायला विसरू नका. भाच्याने हे गणित केले आणि थोडा वेळ गप्पच बसला. शिवाय घरात सकाळी चौघे कॉफी पिणारे. रोज चार म्हणजे वर्षाला १४६० कॅप्सूल. प्रत्येकीत सुमारे एक ग्रॅम धातू धरला, तर जवळजवळ दीड किलो ॲल्युमिनियम. ते पुन्हा वितळविण्यास खनिजापासून नवे बनविण्याच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते, पण त्यासाठी डबी फोडून चोथा काढायला हवा. तो कोण काढणार?

भाचा रात्रपाळीहून पहाटे एकटाच येतो. शेवटी त्याने स्वतःपुरते सर्वांत लहान यंत्र घेतले. सकाळचा फिल्टर चालूच राहिला. आजीने यंत्राची कॉफी चाखली, तिच्यात दूध घातले आणि पातेल्यात ओतून पुन्हा तापविली.