जुड्या किती, सुटे किती?

लहान मुलांस संख्या शिकविण्याविषयी आईबापांसाठी व शिक्षकांसाठी एक पाठ

मुलांच्या शिक्षणाविषयी खेडेगावांतील आईबापांमध्ये पूर्वीची उदासीनता राहिलेली नाही, ही समाधानाची गोष्ट होय. मूल शाळेत गेले की नाही, त्याने गृहपाठ केला की नाही, हे आता मजुरी करणारी आईदेखील विचारते. परंतु गणित या एका विषयापाशी आले म्हणजे पुष्कळ घरांतून एक निराशेचे वाक्य ऐकू येते, ते असे की, "आमच्या मुलाच्या डोक्यात गणित शिरतच नाही." हे वाक्य बहुधा मुलाच्या देखत उच्चारले जाते, आणि मूल ते इतर कोणत्याही पाठापेक्षा लवकर पाठ करिते. या वाक्यात खरेपणा किती आहे, याचा विचार आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातील हेदवी या गावी एका ओळखीच्या घरी दोन दिवस उतरलो होतो. हेदवी हे गुहागर तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. दशभुज गणपतीचे देऊळ आणि खडकातील बामणघळ यांमुळे परगावचे लोक तेथे पुष्कळ येतात. ज्या घरी आम्ही उतरलो होतो त्यांची नारळीपोफळीची लहानशी वाडी आहे. सकाळी पाडेल्याने नारळ पाडले. घरातील दुसरीच्या वर्गातील मुलीने ते दोन-दोन उचलून अंगणात रचले व मोजले.

"किती झाले गो?" आजोबांनी विचारले.

"बावन्न, आजोबा."

"मांड बघू वहीत."

तिने वहीत २५ असा आकडा मांडला. बाप जवळच उभा होता. तो म्हणाला, "अर्धे नारळ कुठे गेले? हिला गणित यायचे नाही, आम्ही आशा सोडली." मुलीने वही मिटली व ती आत निघून गेली. तिच्या आईने काही न बोलता पुन्हा हीर काढावयास घेतले.

आम्ही नारळ स्वतः मोजले. ते बावन्नच होते. म्हणजे मुलीने मोजणी बिनचूक केली होती, तोंडी उत्तर बिनचूक दिले होते, आणि जे तिने ऐकले तेच क्रमाने लिहिले होते. "बावन्न" या शब्दात दोहोंचा बोध आधी होतो व पन्नासाचा मागून. कानाने जो अंक प्रथम सांगितला तो हाताने प्रथम मांडला. यास मंदबुद्धी म्हणावे की आज्ञापालन?

हे पाहून आमचे मन आम्हांस टोचू लागले. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही एका गावी मुलांस शिकवीत असता एका मुलाने त्रेसष्ट हा आकडा ३६ असा लिहिला, म्हणून आम्ही त्यास सर्व वर्गापुढे उभे केले होते. त्यानंतर तो मुलगा चुकला नाही, कारण त्याने उत्तर देणेच सोडून दिले. त्या वेळी आम्हांस वाटले की शिस्त लागली. आज वाटते की त्याचे दार आम्हीच लावून घेतले.

मराठीत शिकणाऱ्या मुलापुढील अडचण नीट समजून घेतली पाहिजे. दोन हा शब्द मुलाने शिकलेला असतो. परंतु एकापासून शंभरापर्यंत जाताना त्यास तो शब्द पुन्हा भेटत नाही. बारा, बावीस, बावन्न, बासष्ट व बाहत्तर यांत तो "बा" होतो, बत्तिसात "बत्" होतो, बेचाळिसात "बे" होतो, ब्याऐंशी व ब्याण्णव यांत "ब्या" होतो. दशकेही रूप पालटतात. पन्नासाचे कोठे "वन्न" तर कोठे "पन्न" होते, साठाचे "सष्ट", सत्तराचे "हत्तर" आणि नव्वदाचे "ण्णव" होते. त्यावर एकोणतीस, एकोणचाळीस अशा संख्या येतात. एकोण म्हणजे एकाने उणा. मुलाच्या कानी "तीस" पडते, म्हणून ते ३९ लिहिते, आणि लिहावयाचे असतात २९. अठ्ठ्याण्णवानंतर मात्र एकोणशंभर न येता नव्याण्णव येते. असा हा वळणावळणाचा रस्ता सहा-सात वर्षांच्या मुलास चालावयाचा असतो.

सर्वच भाषांत असे नाही. आपल्या शेजारच्या कानडी व तेलुगू भाषांत वीस आधी व एक मागून, अशा लिहिण्याच्याच क्रमाने संख्या बोलतात. जर्मन भाषेत मात्र आपल्याप्रमाणेच एक आधी व वीस मागून असा उलटा क्रम आहे, आणि तेथील लहान मुलांसही अंकांची अदलाबदल होऊन बसते. तेव्हा हा दोष बुद्धीचा नसून, बोलण्याचा क्रम व लिहिण्याचा क्रम यांतील भेदाचा आहे.

याच कारणास्तव २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस यांच्या जोडीस "वीस एक, वीस दोन" अशी वाचण्याची रीत दिली गेली. गणित समितीच्या अध्यक्षा त्या वेळी डॉ. मंगला नारळीकर या होत्या. मुलांस जोडाक्षरांचे शब्द कठीण जातात व क्रमाचा घोटाळा होतो, म्हणून ही वाट सुचविली, असे त्यांचे म्हणणे होते. यावर पुष्कळ थट्टा झाली, वर्तमानपत्रांतून वाद झाला व विधानसभेतही तो विषय निघाला. मराठीची जुनी संपत्ती नाहीशी होईल, अशी भीती लोकांनी बोलून दाखविली. आमच्या मते ती भीती अगदीच निराधार नव्हती, कारण बाजारात, बसगाडीत व घरात बावन्नास बावन्नच म्हटले जाणार आहे, आणि मुलास तो शब्द आलाच पाहिजे. परंतु ज्या अडचणीवर बोट ठेवले होते ती खरी होती, आणि थट्टेने ती दूर झाली नाही. शब्द टाकू नये, पण शब्दाच्या आधी वस्तू दाखवावी, हा मध्यम मार्ग आहे. तो कसा चालावा, हे हेदवीच्या त्याच अंगणात आम्हांस दिसून आले.

त्या मुलीची आई खराट्यासाठी नारळाच्या झावळीचे हीर काढीत होती. आम्ही तिच्याकडून मूठभर हीर मागून घेतले, त्यांचे वीतभर लांबीचे तुकडे केले व मुलीस हाक मारिली. पुढील पाठ त्या अंगणात झाला, तो येथे क्रमाने देतो.

पहिला पाठ, मोजणे. प्रत्येक नारळापाठीमागे एक हीर ठेवावयास सांगितले. एका वस्तूस एक खूण, यापेक्षा जुने गणित नाही. मूल नुसती संख्यांची नावे घोकते तेव्हा ते मोजीत नसते. बोट एका वस्तूवर व तोंड दुसऱ्या शब्दावर, असे होत असल्यास पुढे जाऊ नये.

दुसरा पाठ, जुडी बांधणे. दहा हीर झाले की सुंभाने जुडी बांधावयाची. मुलीने पाच जुड्या बांधल्या, दोन हीर उरले. आम्ही विचारिले, "जुड्या किती, सुटे किती?" ती म्हणाली, "पाच जुड्या, दोन सुटे." दहाची जुडी मुलाने स्वतः बांधिली पाहिजे. आयती दिल्यास त्यास ती एक काठी वाटते.

तिसरा पाठ, लिहिणे. जमिनीवर खडूने दोन घरे आखली. डावे घर जुड्यांचे व उजवे सुट्यांचे. जुड्या व हीर आपापल्या घरी ठेवून त्याखाली अंक लिहविले. ५२ झाले. तिने वहीतील २५ कडे पाहिले व आपणच खोडले. त्यानंतर पन्नास नारळ मांडले, तेव्हा उजवे घर रिकामे राहिले. रिकाम्या घराचा पहारेकरी म्हणजे शून्य. हे ज्यास समजले ते मूल पुढे एकशे पाच ही संख्या १००५ अशी लिहिणार नाही.

चौथा पाठ, नाव देणे. आता शब्द यावा. "पाच जुड्या, दोन सुटे, म्हणजे पन्नास आणि दोन. यास आपण बावन्न म्हणतो." एकोणतिसासाठी तीन जुड्या बांधून एकीतून एक हीर काढून घ्यावा. तीसास एक उणा, हे मुलाने डोळ्यांनी पाहिले म्हणजे तो शब्द त्यास कोडे न वाटता गंमत वाटते.

पाचवा पाठ, वजाबाकी. बावन्नातून अठरा नारळ व्यापाऱ्यास दिले. सुटे दोनच, त्यांतून आठ कसे द्यावेत? मुलीने थोडा वेळ विचार केला व एका जुडीचे सुंभ सोडले. चार जुड्या व बारा सुटे झाले. त्यांतून एक जुडी व आठ सुटे गेले, उरले चौतीस. वरच्या वर्गात जी रीत मुले न समजता पाठ करितात, ती तिने सुंभाची गाठ सोडून शोधून काढिली.

सर्व अडचण एका सकाळी दूर झाली, असे आम्ही म्हणत नाही. दुपारी तिने सत्तेचाळीस ही संख्या पुन्हा ७४ अशी लिहिली. परंतु आम्ही काही बोलण्याच्या आत ती स्वतःशी पुटपुटली, "जुड्या किती?" आणि तिने आकडा बदलला. आपली चूक आपण शोधण्याचे साधन तिच्या हाती आले होते. आम्हांस वाटते, गणिताच्या शिक्षणाचे अर्धे काम येथे होते.

येथे कोणी म्हणेल, मग पाढे नकोत काय? पाढे पाहिजेत. सात आठे छप्पन्न हे मुखोद्गत असणे ही जन्माची सोय आहे. परंतु प्रथम सात-सात सुपाऱ्यांच्या आठ रांगा मांडाव्यात, मग त्याच दुसऱ्या बाजूने पाहून आठ-आठच्या सात रांगा दाखवाव्यात, आणि नंतर पाठ करवावे. जुन्या पिढीने तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकीदेखील पाठ केली होती. रुपयाचे सोळा आणे होते तोवर त्यांचा नित्य उपयोग होता. १९५७ साली दशमान नाणी आली व हे पाढे मागे पडले.

तथापि त्याच संध्याकाळी आम्हांस पाऊणकीचा एक जिवंत उपयोग पाहावयास मिळाला. परगावच्या काही मंडळींनी वाटेत आजोबांस विचारिले की, बामणघळीत पाणी उसळते ते पाहावयाचे आहे, भरती केव्हा? आजोबांनी तिथी विचारिली. अष्टमी होती. "आठ पाऊण सहा. सहाच्या सुमारास जा," ते म्हणाले. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा कोकणच्या किनाऱ्यावरील जुना हिशेब आहे. चतुर्थीस तीन, द्वादशीस नऊ. हिशेब स्थूल आहे, पण भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे जाते, या सत्यावर तो उभा आहे. त्या मुलीने विचारिले, "मग दशमीला, आजोबा?" आजोबांनी तिच्याकडूनच ते काढविले. दहा पाऊण साडेसात. बाप हे ऐकत होता. तो आमच्याकडे पाहून म्हणाला, "हे आम्हांला कोणी असे सांगितलेच नाही."

या शिक्षणास पैसा लागत नाही, हे शेवटी सांगितले पाहिजे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले व अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. १९५७ साली ते काम कोसबाड येथे आदिवासी वस्तीत गेले. महागडी साधने खेड्यास परवडणार नाहीत हे जाणून त्यांनी शिंपले, बिया, खडे, पाने यांपासून साधने केली, आणि मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात नेली. त्यातूनच अंगणवाडी ही कल्पना पुढे आली. आपल्या वाड्यांतून हीर आहेत, सुपाऱ्या आहेत, समुद्रकाठी शिंपले आहेत. कमी असेल तर ती केवळ मुलाजवळ बसण्याची अर्धी घटका.

वाचकहो, पुढील प्रश्न आपण आपल्या घरी किंवा वर्गात विचारून पाहावेत.

१. आपल्या मुलास छत्तीस व त्रेसष्ट या दोन संख्या लिहावयास सांगा. चूक झाल्यास ती कोणत्या प्रकारची झाली?

२. तीच संख्या त्यास जुड्या व सुटे मांडून दाखविता येते काय?

३. एकोणसाठ म्हणजे साठास किती उणे, हे ते वस्तू मांडून सांगू शकते काय?

४. गेल्या आठवड्यात आपण त्याच्या चुकीस हसलो की तिचे कारण विचारिले?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे मुलाने द्यावयाची आहेत, चौथ्याचे आपण. वर्गातील नव्याण्णव मुलांस उत्तर आले म्हणून गुरुजींचे काम संपत नाही. वही मिटून आत गेलेले जे एक मूल, त्यास हाक मारून पुन्हा अंगणात आणावे, व त्याच्या हाती दहा हीर द्यावेत.