किल्ली दुसऱ्याच्या कमरेला

पतसंस्थेच्या संगणक विभागात २२ वर्षं काढली. ठेवी आमच्या, सभासद आमचे. पण सॉफ्टवेअर, सर्व्हर, एसएमएस, पिग्मीची मशीनं सगळी बाहेरच्यांची. त्यातून अंगाला लागलेलं सांगतो.

१. डे-एंड अडकला की सॉफ्टवेअरवाल्यांचा मुलगा घरबसल्या एनीडेस्कवरून आमच्या सर्व्हरवर यायचा. आम्हाला त्याचं कोण कौतुक! पुढे त्याने नोकरी सोडली. आठ महिन्यांनी ऑडिटरने सहज विचारलं, "हे लॉगिन कुणाचं?" त्याचंच, आणि चालू. पासवर्डही जुनाच. खोदून विचारलं, तर त्या कंपनीने सगळ्या पतसंस्थांना तो एकच दिलेला. काही गेलं नाही, ही सभासदांची पुण्याई; आमची हुशारी नव्हे. आता काम असेल तेव्हाच दार उघडतो, झालं की बंद. पोरं कुरकुरतात. कुरकुरू देत.

२. "बॅकअप आहे ना?" "आहे की साहेब." कुठे? त्याच सर्व्हरच्या दुसऱ्या ड्राइव्हवर! तेव्हापासून एक प्रत सर्व्हरपासून तोडलेली, आमच्याच तिजोरीत.

३. आपल्या पुरवठादाराचाही कुणी पुरवठादार असतो. सी-एज या कंपनीवर रॅन्समवेअर हल्ल्याचा संशय आल्यावर ३१ जुलै २०२४ रोजी पेमेंटचं जाळं चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला त्यातून तात्पुरतं वेगळं केलं. तिच्यावर अवलंबून असलेल्या सुमारे ३०० छोट्या बँकांचे व्यवहार अडले. क्लाउडसेक या सायबर सुरक्षा कंपनीच्या अहवालाप्रमाणे सुरुवात झाली ती तिच्यासोबत काम करणाऱ्या तिसऱ्याच कंपनीच्या ढिल्या सर्व्हरपासून. काउंटरवरच्या कारकुनाला यातलं एकही नाव ठाऊक नसणार; बोलणी मात्र त्यालाच खावी लागतात.

४. करार वाचा, म्हणजे खरंच वाचा. आमच्या करारात एएमसीची, म्हणजे वार्षिक देखभालीची टक्केवारी तीनदा होती. पुरवठादाराकडे सायबर घरफोडी झाली तर आम्हाला कधी कळवायचं, हे एकदाही नव्हतं. अशी घटना सर्ट-इन या सरकारी सायबर यंत्रणेला ६ तासांत कळवायचा नियम २०२२ पासून आहे. आम्हालाच चार दिवसांनी कळलं, तर आम्ही कुणाला काय कळवणार? हे कलम घालायला सांगितलं तेव्हा एका संचालकांना वाटलं, मी उगाच भांडण काढतोय.

उद्या कामावर गेलात की एवढंच मोजा : तुमच्या सर्व्हरवर बाहेरच्यांची किती लॉगिनं चालू आहेत. आमच्याकडे ११ निघाली. त्यातली ७ कुणाची, ते कुणालाच सांगता आलं नाही.