अलाइनमेंट बरोबर, तरी गाडी टायर खाते!

प्रश्न : माझी हॅचबॅक सहा वर्षांची आहे. कुंभार्ली घाटातून कराडला नेहमी जाणं-येणं असतं. हल्ली गतिरोधकावर पुढे डाव्या बाजूला ‘खट्’ असा आवाज येतो. त्याच बाजूच्या टायरची आतली कड पार गोटा झाली आहे, बाकीचा टायर मात्र चांगला आहे. दोनदा अलाइनमेंट केलं, कागदावर सगळे आकडे हिरवे. मेकॅनिक म्हणतो शॉकअप बदला, टायरवाला म्हणतो टायर बदला. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : तूर्त दोघांचंही नको. आवाज आणि झीज यांचं मूळ बहुधा एकच आहे, आणि ते शॉकअपमध्ये असेलच असं नाही.

अलाइनमेंटचं यंत्र उभ्या गाडीची मापं घेतं. लोअर आर्मचा रबरी बुश फाटला असला, तरी उभ्या गाडीत चाक जागेवरच दिसतं. ब्रेक दाबला किंवा चाक खड्ड्यात आदळलं की आर्म मागे सरकतो, चाकाची दिशा बदलते आणि टायर घासत जातो. घाट उतरताना ब्रेकवर पाय सारखाच असतो. म्हणून कागद हिरवा आणि टायर गोटा!

टायरची झीजही बरंच सांगते. मधला पट्टा झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी. ठिकठिकाणी खळगे पडले तर शॉकअप किंवा बॅलन्सिंगवर संशय घ्यावा. पुढच्या दोन्ही टायरांच्या आतल्या कडा सारख्याच गेल्या असत्या, तर टो (वरून पाहताना दिसणारी चाकांची आत-बाहेर दिशा) चुकलाय म्हणता आलं असतं. गाडी सरळ चालताना ती चूक दोन्ही चाकं वाटून घेतात. तुमचा एकच टायर एकाच कडेला गेलाय, म्हणजे दोष त्याच कोपऱ्यात आहे. कॅम्बरचा, म्हणजे चाकाच्या उभ्या कलाचा, आकडाही खरोखर बरोबर असेल, तर काही वाकल्याचा संशय कमी आणि ढिलाईचा जास्त. आपल्याकडे साइडपट्टीचे खड्डे डाव्या चाकाच्याच वाट्याला येतात, त्यामुळे नवल नाही.

आता आवाज ऐका. बारीक खडबडीत रस्त्यावर हळू जाताना कटकट होत असेल तर लिंक रॉड तपासा. ब्रेक दाबताना किंवा रिव्हर्स घेताना एकदाच ‘खट्’ झालं तर लोअर आर्मचा बुश. जागच्या जागी स्टीअरिंग फिरवताना ‘टंग’ झालं तर स्ट्रटचं वरचं बेअरिंग. पूर्ण वळवून गाडी पुढे काढताना टकटक आली तर तो सीव्ही जॉइंट. सस्पेन्शनला दोष देऊ नका.

गॅरेजमध्ये चाक उचलून, गाडी स्टँडवर टेकवून हलवून पाहायला सांगा. वर-खाली धरून हललं तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. दुसऱ्याने ब्रेक दाबून धरल्यावर ढिलाई गेली तर बेअरिंग. डावी-उजवीकडे धरून हललं तर टाय रॉड एंड पाहा. बुशसाठी पहारीने आर्म हलवून रबर फाटलंय का ते बघावं लागतं. लिंक रॉड मात्र एकच चाक उचलून तपासू नये; त्यावर ताण येतो आणि ढिलाई लपते. दोन्ही चाकं जमिनीवर किंवा दोन्ही वर हवीत.

दुरुस्तीचा क्रम चुकवू नका : आधी हवा, मग ढिले भाग, मग टायर आणि शेवटी अलाइनमेंट. बुश बदलल्यावर त्याचा बोल्ट गाडीचं वजन चाकांवर असताना आवळायला सांगा. चाक लोंबकळत असताना आवळला तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पुढचे टायर जोडीने बदला. गोटा झालेला टायर मागे टाकून दिवस ढकलू नका. खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी, हा नियम आतल्या कडेलाही लागू आहे.

बॉल जॉइंट ढिला निघाला, तर तो बदलेपर्यंत गाडी घाटात नेऊ नका. तो निसटला की चाक आडवं होतं आणि स्टीअरिंग हातात असूनही उपयोग राहत नाही.