उरलेल्या लोकरीतून नाताळची भूषणे

स्वेटर पुरा झाला की टोपलीच्या तळाशी लोकरीचे लहान लहान गुंडे उरतात. त्यांतून नवा स्वेटर होत नाही आणि ते टाकून देण्यास मनही होत नाही. अशा तुकड्यांतून नाताळच्या वृक्षावर टांगण्याजोगा तारा आणि घंटा क्रोशाने कशी विणावी, हे या लेखात सांगावयाचे आहे.

नाताळवृक्ष सजविण्याची प्रथा मूळची जर्मनीची. प्रथम त्यावर सफरचंदे, कवचीची फळे व मेणबत्त्या असत. एकोणिसाव्या शतकात लाउशा या जर्मन गावातील कारागीर काचेचे गोळे फुंकून करू लागले. १८४८ साली व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचे, सजविलेल्या वृक्षासह काढलेले चित्र लंडनच्या एका साप्ताहिकात छापले गेले आणि इंग्लंडात ही प्रथा घरोघरी पोचली. आपल्याकडे गोव्यात नाताळच्या दिवसांत घराघरांपुढे नखेत्रे, म्हणजे ताऱ्याच्या आकाराचे आकाशकंदील, लावतात. पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांना बेथलेहेमची वाट दाखविणाऱ्या ताऱ्याची ती खूण होय. म्हणून आपणही आरंभ ताऱ्यापासूनच करू.

साहित्य : उरलेली लोकर किंवा जाड सूत, त्यास शोभेल अशी क्रोशाची सुई (मध्यम जाडीच्या लोकरीस साडेतीन ते चार मिलिमीटरची), बोथट सुई, टाचण्या, एक मणी आणि थोडी खळ. एका नगासाठी सारख्याच जाडीची लोकर घ्यावी. रंग मात्र कितीही चालतात. लाल किंवा गडद रंगाचा धागा आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावा. रंग सुटत असल्यास तो पांढऱ्याशेजारी विणू नये.

टाके : सुईवरील फाशातून दोरा ओढला की साखळी होते. सुई टाक्यात घालून दोरा त्या टाक्यातून व सुईवरील फाशातून एकदमच ओढला, तर तो सरकता टाका. टाक्यातून दोरा वर ओढून सुईवर झालेले दोन फासे एकदम सोडले, की मुका खांब. आधी सुईवर एक वेढा घेऊन मग टाक्यातून दोरा ओढला, तर तीन फासे होतात. ते दोन-दोन करून सोडले तर खांब, तिन्ही एकदम सोडले तर अर्धा खांब. दोन वेढे घेऊन चार फासे दोन-दोन करून सोडले, म्हणजे लांब खांब.

तारा : चार साखळ्या घालून सरकत्या टाक्याने त्यांचे कडे करावे. तीन साखळ्या घालाव्यात. त्या पहिल्या खांबाच्या जागी होत. मग कड्यात १४ खांब घालून फेरी सरकत्या टाक्याने जोडावी. एकूण १५ टाके झाले. आता पाकळी. सहा साखळ्या घालाव्यात व परतताना सुईजवळची एक सोडून उरलेल्या पाचांत क्रमाने सरकता टाका, मुका खांब, अर्धा खांब, खांब व लांब खांब घालावा. कड्यावरील दोन टाके सोडून तिसऱ्यात सरकत्या टाक्याने जोडावे. असे पाच वेळा करावे. तीन-तीन टाक्यांवर एक, याप्रमाणे १५ टाक्यांवर पाच पाकळ्या बरोबर बसतात. टाके टोकाकडून बुंध्याकडे क्रमाने उंच होत गेल्यामुळे पाकळी आपोआप निमुळती होते.

घंटा : हिच्यात थोडे गणित आहे. वर्तुळाची त्रिज्या जितकी वाढते, त्याच्या सुमारे सव्वासहा पट परीघ वाढतो. मुक्या खांबाची उंची साधारणपणे त्याच्या रुंदीइतकीच असते; म्हणून प्रत्येक फेरीस सहा टाके वाढविले, की वर्तुळ सपाट राहते. खांब सुमारे दुप्पट उंच, म्हणून त्यास बारा वाढवावे लागतात. वाढ कमी पडली तर वाटी होते, जास्त झाली तर कडेला चुण्या पडतात. घंटेत या दोन्ही गोष्टी आपण मुद्दाम करावयाच्या. पहिल्या फेरीत ६ मुके खांब, दुसरीत १२, तिसरीत १८. मग वाढ थांबवून १८ टाक्यांच्याच पाच फेऱ्या घालाव्यात. भिंती उभ्या राहतील. शेवटच्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन मुके खांब घालावेत. ३६ टाक्यांनी कड बाहेर उमलेल. आतून मणी टांगला की लोलक झाला.

खळ : मैद्याची पातळ खळ शिजवून गार करावी. ताऱ्याला ती लावून तो कागद घातलेल्या पाटावर टाचण्यांनी ताणावा व पुरता वाळू द्यावा. घंटेसाठी योग्य आकाराची लहान वाटी आतून बसवावी. सण सरल्यावर हे नग कोरड्या डब्यात ठेवावेत, नाहीतर खळीला कीड लागते. पेटत्या मेणबत्तीजवळ ते कधीही टांगू नयेत. कृत्रिम धागा आगीने वितळून चिकटतो व भाजतो.

हे काम करमणुकीचे वाटले, तरी क्रोशाने पुष्कळांची पोटे भरली आहेत. १८४५ पासून आयर्लंडात बटाट्याचे पीक सडून भीषण दुष्काळ पडला, तेव्हा तेथील असंख्य बायका-मुलींनी क्रोशाची लेस विणून संसार सावरला. आपल्या देशात आंध्रातील नरसापूर लेसकामासाठी प्रसिद्ध आहे. त्या कामास २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु मारिया मीस या जर्मन विदुषीने १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासग्रंथात दाखविले, की नरसापूरच्या या विणकरणींचे श्रम 'घरबसल्या फावल्या वेळचे काम' समजले जात, आणि म्हणूनच त्यांना अत्यंत तुटपुंजी मजुरी मिळे, तर नफा व्यापाऱ्यांच्या हाती जाई.

एक तारा विणून पाहा, आणि त्यास किती वेळ लागला ते घड्याळात पाहून ठेवा. मग बाजारात हातविणीच्या वस्तूची किंमत विचारताना तो वेळ आठवा. लोकर उरलेली असते, म्हणून तिला मोल द्यावे लागत नाही. परंतु विणणाऱ्या हातांचे श्रम कधीच उरलेले नसतात. आणि घरात आई किंवा आजी सुई घेऊन बसलेली दिसली, तर 'रिकामा वेळ घालवते आहे' असे न म्हणता तिच्याजवळ बसून पुढचा टाका शिकून घ्या.