नदीपलीकडचे तेरेखोल

सर्वणच्या रहिवाशास सरकारी कामासाठी डिचोलीस जाताना राज्याची हद्द ओलांडावी लागत नाही. पेडणे तालुक्यातील तेरेखोलची गोष्ट निराळी आहे. हा गाव तेरेखोल नदीच्या उत्तर तीरावर वसला असून उर्वरित गोवा नदीच्या दक्षिणेस आहे. जमिनीच्या बाजूने त्यास महाराष्ट्रातील रेडी गावाची शीव लागते. चोहोबाजूंनी परक्या हद्दीने वेढलेला भूभाग तो परिवेष्टित प्रदेश. तेरेखोलला नदी व समुद्र लाभल्याने ही व्याख्या तेथे काटेकोरपणे लागू होत नाही, परंतु अडचणी बऱ्याचशा त्याच जातीच्या आहेत.

येथील किल्ला मूळचा सावंतवाडीकर भोसल्यांचा. १७४६ मध्ये तो पोर्तुगिजांनी घेतला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा फडकविला. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर परकी सत्ता गेली. हद्द मात्र तीच राहिली.

केरी व तेरेखोल यांची ग्रामपंचायत एकच असून मध्ये नदी आहे. (सत्तरीतील केरी ती वेगळी.) पलीकडे जाण्यास फेरीबोट आहे. फेरी नसेल त्या वेळी रेडीवरून आरोंद्याकडे वळसा घालून किरणपाणीच्या पुलाने पेडण्यात उतरावे लागते. म्हणजे गोव्यातून गोव्यात जाण्याची वाट महाराष्ट्रातून. रात्री घरात कोणी अत्यवस्थ झाले की या वळशाचा अर्थ कळतो. बाजारहाट, सोयरीक यांना हद्द ठाऊक नसते. कागदांना मात्र ती पक्की ठाऊक असते: शेजारच्या रेडीत जमिनीचा सातबारा निघतो, तेरेखोलात एक-चौदाचा उतारा. आरोग्य, पोलीस, जमीन महसूल हे विषय राज्यांच्या अखत्यारीत असल्याने बांधाच्या दोन बाजूंस दोन कायदे, दोन कचेऱ्या.

भारत व बांगलादेश यांच्या सीमेवरील छिटमहालांत याहून कठीण स्थिती होती. तेथील कित्येकांना नागरिकत्वाचा कागदच नव्हता. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री भारताचे १११ व बांगलादेशाचे ५१ भूखंड अदलाबदल झाले, आणि रहिवाशांना देश निवडता आला. तेरेखोलकरांपुढे देशाचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो हेलपाट्याचा. पेडण्याच्या मामलेदार कचेरीत एखादा शिक्का राहिल्यामुळे 'उद्या या' असे सांगितले गेले, तर इतर अर्जदाराचा अर्धा दिवस जातो. तेरेखोलच्या अर्जदारास पुन्हा नदी ओलांडावी लागते, आणि शेवटची फेरी चुकली तर राज्यही.